ओझं चाकांवर गेलं, दुखणं राहिलं

‘उचलू नका, ट्रॉलीवर घाला’ हा सल्ला इतका रुळलाय, की ट्रॉली ढकलतानाही माणूस जायबंदी होतो हे चटकन ध्यानात येत नाही. नियम करणाऱ्यांच्याही ते उशिराच आलं.

इटालियन वैद्य बर्नार्दिनो रामाझ्झिनी यांनी १७०० साली कामगारांच्या आजारांवर ग्रंथ लिहिला. त्यात हमालांवर वेगळं प्रकरण आहे. म्हणजे डोक्या-पाठीवरच्या ओझ्याची नोंद तीनशे वर्षं जुनी. पुढचे नियमही त्याच वाटेने गेले. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९६७ साली ओझ्याबद्दल करार केला, सोबतच्या शिफारशीत प्रौढ पुरुषासाठी ५५ किलोचा आकडा आला. पण करारातलं ओझं म्हणजे ज्याचा सगळा भार एकाच कामगाराच्या अंगावर येतो ते. गाडीचा भार जमीन पेलते. म्हणजे ढकलणारा व्याख्येतूनच बाहेर!

इथे किलोचा हिशेब तोकडा पडतो. थांबलेली गाडी हलवायला सगळ्यात जास्त जोर लागतो, एकदा चालू लागली की कमी. त्यातून मागच्या खेपेला फिरतं चाक आडवं राहिलं असेल, तर पहिला हिसका थेट खांद्यात आणि कमरेत जातो. ओढत नेली तर हात मागे, मान वळलेली, आणि गाडी टाचेवर चढायला टपलेली. उतारावर थोपवणं तर ढकलण्याहून अवघड. शिवाय चाकं आहेत म्हणून माणूस दोन खेपांचा माल एकाच खेपेत रचतो, हे वेगळंच.

अमेरिकेत संशोधक स्टोव्हर स्नूक यांनी १९७८ साली कामगाराला किती जोर झेपतो याचे तक्ते प्रसिद्ध केले, त्यांत गाडी हलवण्याचा आणि चालती ठेवण्याचा जोर वेगवेगळा मांडला होता. त्यामागच्या प्रयोगांत आपल्याला किती झेपेल हे कामगारच ठरवत. युरोपीय समुदायाच्या १९९० च्या निर्देशात ढकलणं-ओढणं स्पष्ट शब्दांत आलं. त्यासाठी स्वतंत्र आंतरराष्ट्रीय मानक मात्र २००७ साली निघालं. ब्रिटनच्या सुरक्षा खात्याने २०१६ साली काढलेल्या तपासणी पद्धतीत वजनाबरोबर हाताची पकड, जमीन, वाटेतले अडथळे आणि गाडीची अवस्थाही पाहतात. चाकात गुंडाळलेली सुतळी त्यातच आली.