एमए स्त्री अभ्यास की एमएसडब्ल्यू?

बीए संपलं की बऱ्याच मुली विचारतात, ‘बायकांसाठी काम करायचंय, मग स्त्री अभ्यासात एमए करू की एमएसडब्ल्यू?’ एमएसडब्ल्यू म्हणजे समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी. माहितीपत्रकं चाळली तरी उलगडा होत नाही, कारण हिंसाचार, आरोग्य, कायदा हे विषय दोन्हीकडे असतात. घरच्यांच्या लेखी तर दोन्हींचा अर्थ एकच: पोरगी एनजीओत जाणार.

ऊसतोडीचं बघा. बीडकडची जोडपी हंगामाला निघतात तेव्हा नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’, म्हणजे मजुरीचं एक एकक, धरला जातो. मुकादमाकडून उचल घेतो नवरा. बाई ऊस तोडते, मोळ्या बांधते, डोक्यावरून वाहून गाडीत भरते आणि त्याआधी पहाटे उठून भाकऱ्या थापते. यातल्या अनेकींच्या गर्भपिशव्या ऐन तरुणपणी काढल्या गेल्याचं उघड झालं, तेव्हा २०१९ मध्ये राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली.

एमएसडब्ल्यूची विद्यार्थिनी अशा बाईला भेटते तेव्हा तिच्यापुढे प्रश्न असतो, हिचं आता काय करायचं? दवाखान्याचे कागद कुठे आहेत, रेशन मिळतंय का, विधवा असेल तर संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज भरलाय का, नवरा मारत असेल तर २००५च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याप्रमाणे संरक्षण अधिकाऱ्याकडे जायची तिची तयारी आहे का. फील्डवर्कहून परतल्यावर या भेटीचं ‘रेकॉर्डिंग’, म्हणजे सविस्तर लेखी नोंद, लिहायचं आणि ते सुपरवायझरपुढे ठेवायचं. तिथे नेमका प्रश्न येतो, ‘तू तिच्याशी बोललीस, की तिच्या वतीने सासूच बोलत होती?’ असल्या प्रश्नांनीच हा अभ्यासक्रम माणूस घडवतो.

स्त्री अभ्यासाची विद्यार्थिनी त्याच बाईकडे बघून विचारते, मुकादमाच्या वहीत हिचं नाव का नाही? दोघांच्या कष्टाचा हिशेब एकाच कोयत्यावर का लागतो? ऊसतोडीला कोणत्या जातींतली माणसं जातात, कोणाकडे जमीन नाही? मग ती आकडेवारीकडे वळते. २०१९च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात घरातली बिनपगारी कामं करणाऱ्या बायकांचा त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं वेळ जात होता, तर अशी कामं करणाऱ्या पुरुषांचा ९७. तिच्या प्रबंधाने त्या एका बाईचा अर्ज मंजूर होणार नाही. पण ‘काम’ कशाला म्हणायचं, हे ठरवणाऱ्यांना उत्तर द्यावं लागेल.

म्हणून स्त्री अभ्यासाला ‘नुसती थिअरी’ म्हणणं मला पटत नाही. हा विषय चळवळीच्या धगीतून आला. १९७४ मध्ये देशातल्या स्त्रियांच्या स्थितीवरचा ‘टुवर्ड्स इक्वॅलिटी’ अहवाल आला आणि त्याच वर्षी मुंबईच्या एसएनडीटी महिला विद्यापीठात नीरा देसाईंच्या पुढाकाराने स्त्री अभ्यासाचं संशोधन केंद्र सुरू झालं. स्त्री अभ्यासाची पहिली राष्ट्रीय परिषदही तिथेच, १९८१ मध्ये भरली. समाजकार्याचं शिक्षण त्याहून बरंच जुनं. आज टिस (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस) म्हणून ओळखली जाणारी संस्था १९३६ पासूनची. याच टिसने १९८४ मध्ये मुंबई पोलिसांच्या आवारात महिलांसाठी विशेष कक्ष उभा केला. मारहाण झालेल्या बाईशी तिथे समाजकार्यकर्ती बोलते. ‘घरगुती भांडण’ हा पोलिसांचा विषय कसा झाला, हे समजायला मात्र स्त्री अभ्यासाचं वाचन लागतं.

आता पोटापाण्याचं. दवाखान्यातली वैद्यकीय समाजसेवक, समुपदेशक अशा पदांच्या जाहिरातींत बहुधा एमएसडब्ल्यूच मागतात. तिथे स्त्री अभ्यासाची पदवी चालेलच असं नाही. स्त्री अभ्यासात नेट (प्राध्यापकीसाठीची पात्रता परीक्षा) देता येते, पीएचडी करता येते, संशोधन संस्थांत किंवा पत्रकारितेत जाता येतं; प्राध्यापकीच्या जागा मात्र मोजक्याच. समुपदेशक व्हायचंच असेल तर एमएसडब्ल्यू घ्या, फार घोळत बसू नका.

अजूनही ठरत नसेल तर फॉर्म भरण्याआधी दोन्ही विभागांत जाऊन या. एमएसडब्ल्यूवाल्यांकडे फील्डवर्कचं वेळापत्रक मागा आणि स्त्री अभ्यासाच्या ग्रंथालयात गेल्या दोन-तीन वर्षांच्या प्रबंधांची शीर्षकं वाचा.