प्री_गेट_पोस्ट्स आणि पोस्ट्स_व्हेअर: क्वेरी नेमकी कोठे बदलावी?

वर्डप्रेसमध्ये पानावर कोणत्या पोस्ट याव्यात हे ‘प्री_गेट_पोस्ट्स’ आणि ‘पोस्ट्स_व्हेअर’ या दोन्ही हुकांनी (वर्डप्रेसच्या कामात मध्येच आपला कोड जोडण्याच्या जागांनी) बदलता येते, त्यामुळे एकाच्या जागी दुसरा सर्रास लावला जातो. पहिला चालतो तेव्हा एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसला द्यायची आज्ञा, तयारच झालेले नसते. हाती डब्ल्यूपी_क्वेरी या पोस्ट मागवणाऱ्या क्लासचे ऑब्जेक्ट असते आणि आपण केवळ त्यातली मागणी बदलतो. दुसरा चालतो तोवर त्या मागणीचे एसक्यूएल झालेले असते आणि त्यातला ‘व्हेअर’चा, म्हणजे अटींचा, भाग स्ट्रिंग म्हणून आपल्याकडे येतो.

पहिला हुक खरे तर ॲक्शन आहे, त्यामुळे त्यातून काही परत करावे लागत नाही. दुसरा मात्र फिल्टर आहे, म्हणजे हाती आलेले मूल्य परत द्यावेच लागते. त्यात ‘रिटर्न’ लिहायचे राहिले, तर सगळ्या अटी गळून पडतात, फक्त ‘व्हेअर १=१’ उरते आणि मसुद्यांपासून जुन्या आवृत्त्यांपर्यंत सारे काही यादीत अवतरते.

पानावर 10 ऐवजी 12 पोस्ट दाखवणे किंवा एखादा वर्ग वगळणे, अशा कामांना पहिला हुक पुरतो आणि माझ्या मते तेथे दुसऱ्याला हात लावूच नये. परंतु एखाद्या शब्दकोशाच्या संकेतस्थळावर ‘क’ने सुरू होणाऱ्या नोंदी हव्या असतील, तर ‘शीर्षक अमुक अक्षराने सुरू होते’ असे सांगणारा पॅरामीटर डब्ल्यूपी_क्वेरीकडे नाही. तेव्हा पोस्ट्स_व्हेअरमध्ये ‘लाइक’ची, म्हणजे नमुन्याशी जुळणी तपासणारी, अट जोडावी लागते आणि अक्षर यूआरएलमधून येत असेल, तर ते मूल्य सुरक्षितपणे एसक्यूएलमध्ये बसवणाऱ्या ‘प्रिपेअर’मधून नेणे अनिवार्य ठरते. येथे मराठीपुरती एक मेख आहे. युनिकोडमध्ये ‘क्ष’ म्हणजे क, हलन्त आणि ष असल्याने ‘क%’ (क आणि पुढे काहीही) या अटीत ‘क्षमा’ आणि ‘क्षितिज’ हेही शब्द येतात. मराठी वर्णमालेप्रमाणे ‘क्ष’ वेगळा दाखवायचा असेल, तर ‘नॉट लाइक’ची दुसरी अट लिहावी लागते.

सर्वाधिक गोंधळ गेट_पोस्ट्स() या पोस्टची यादी आणणाऱ्या फंक्शनपाशी होतो. त्यात फिल्टर बंद ठेवणारे ‘सप्रेस_फिल्टर्स’ मुळातच सुरू असते, म्हणून पोस्ट्स_व्हेअर तेथे मुकाट्याने निष्प्रभ ठरतो, तर प्री_गेट_पोस्ट्स चालतोच. याचा फटका मला एकदा बसला आहे. मुखपृष्ठावर केवळ ‘पुस्तक’ या प्रकारच्या पोस्ट याव्यात म्हणून मी पहिल्या हुकात इज_होम() (पान मुखपृष्ठ आहे का) तपासून पोस्ट टाइप बदलला आणि पानाच्या माथ्यावरचा मेन्यूच नाहीसा झाला. मेन्यूतील नोंदीही पोस्ट म्हणूनच साठवलेल्या असतात, त्या गेट_पोस्ट्स()नेच आणल्या जातात आणि मी त्यांचाही प्रकार ‘पुस्तक’ करून टाकला होता. क्वेरीच्या ऑब्जेक्टवरच इज_मेन_क्वेरी() (ही पानाची मुख्य क्वेरीच आहे का) तपासल्यावर मेन्यू परतला.