रात्रभर लाइट लावली की तंबूकडे साप फिरकत नाही?

पवना असो की भंडारदरा, तंबू ठोकला की कुणीतरी म्हणतंच, "दिव्यांची माळ रात्रभर चालू राहू दे, साप-बिबट्या फिरकत नाही." हे खरं नाही. दिव्याला साप बिचकत नाही. उलट उजेडावर किडे-पाखरं जमतात, त्यांच्यामागे बेडूक येतात आणि बेडकांमागे साप येऊ शकतो. बिबट्याचं म्हणाल तर मुंबईत संजय गांधी राष्ट्रीय उद्यानालगतच्या सोसायट्यांच्या लख्ख आवारातही तो सीसीटीव्हीत दिसलाय. खरी राखण म्हणजे खरकटं उघड्यावर न टाकणं, तंबूची चेन पूर्ण लावणं आणि सकाळी बूट झटकून मगच पायात घालणं.

नुकसान मात्र नक्की होतं. मेअखेरीपासून जूनमध्ये भंडारदऱ्याच्या झाडांवर काजवे चमकतात, ते जोडीदार शोधायला. नर लुकलुकतो, मादी उत्तर देते. जवळ पांढरा झोत असला की ती खूणच विरून जाते. आणि तेच बघायला तर आपण एवढ्या लांब येतो! शेजारच्या तंबूत झोपलेल्या पोराच्या डोळ्यांवर रात्रभर उजेड येतो, ते वेगळंच.

जेवणं आटोपली की माळ बंद करा. रात्री उठावं लागलं तर बॅटरी आहेच, पायापाशी धरायची.