स्पंद-रुंदी ध्वनिपातळी नियंत्रण

ध्वनिसंकेत, किंवा त्याची पातळी ठरविणारे व्होल्टेज, सेकंदाला हजारो वेळा जोडून-तोडून, जोडलेल्या वेळेच्या प्रमाणानुसार आवाज लहान-मोठा करण्याची इलेक्ट्रॉनिक पद्धत. बोलण्यात ‘पीडब्ल्यूएम व्हॉल्यूम कंट्रोल’ हेच नाव चालते. पीडब्ल्यूएम म्हणजे पल्स विड्थ मॉड्युलेशन. पारिभाषिक मराठीत त्याला स्पंद-रुंदी विरूपण म्हणता येते, पण ‘विरूपण’ या शब्दामुळे आवाज विद्रूप होतो असा समज होऊ शकतो. येथे रूप बदलते ते स्पंदाच्या रुंदीचे. ध्वनिसंकेताचा आकार मंडल (सर्किट) नीट रचले असेल तर तसाच राहतो.

जुन्या रेडिओचा कान पिळला की आत कार्बनच्या पट्टीवरून धातूची जीभ सरकते. पट्टी झिजली की खरखर सुरू होते. नाशिकमधल्या दुरुस्तीच्या दुकानांत ‘पॉट गेलाय’ (पॉट म्हणजे पोटेन्शिओमीटर, आवाजाचे हेच फिरते बटण) हे निदान रोजचेच. क्लीनर मारून चार महिने निभते, मग पॉट बदलावा लागतो. स्पंद-रुंदी पद्धतीत घासणारा भागच नसल्याने ही खरखर मुळातून जाते. रिमोटने आणि मायक्रोकंट्रोलरने (उपकरणातल्या छोट्या संगणक-चिपने) आवाज हाताळणेही सोपे होते.

उगमाविषयी एकमत नाही. काहीजण ही कल्पना थेट १८४९ मध्ये पेटंट मिळालेल्या कॉर्लिस वाफेच्या इंजिनापर्यंत मागे नेतात. त्या इंजिनात गव्हर्नर (वेग आवरणारा भाग) वाफेची झडप किती वेळ उघडी राहावी हे ठरवीत असे, आणि उघड्या वेळेवर इंजिनाची ताकद ठरे. साम्य आहे हे खरे, पण तेथे कोणताही संकेत वाहून नेला जात नव्हता. त्यामुळे त्या इंजिनाला पूर्वज म्हणणे ओढूनताणून वाटते. दुसरे मत दूरसंचाराचा धागा धरते. १९३० च्या दशकात अ‍ॅलेक रीव्हज व इतर अभियंते बोलणे स्पंदांच्या रूपात पाठविण्याच्या पद्धती शोधत होते. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सैन्याच्या ‘वायरलेस सेट नंबर १०’ मध्ये आठ संभाषणे स्पंदांच्या रुंदीत बदल करून एकाच वेळी पाठविली जात. मात्र त्यात बोलणे स्वतःच रुंदी ठरवीत होते. आवाजाच्या नियंत्रणात रुंदी ठरविते वापरणाऱ्याचे बोट आणि बोलणे स्पंदाची उंची ठरविते. हा फरक महत्त्वाचा मानला, तर १९५० च्या सुमारास अ‍ॅनालॉग संगणकांत वापरात आलेला टाइम-डिव्हिजन गुणक हाच या पद्धतीचा जवळचा पूर्वज ठरतो. एका राशीने रुंदी ठरवायची, दुसरीने उंची, आणि सरासरी काढली की दोघींचा गुणाकार मिळतो. आवाज कमी करणे म्हणजे संकेताला एकापेक्षा लहान संख्येने गुणणेच होय, आणि ते काम हा गुणक जसेच्या तसे करतो.

डी वर्गाच्या प्रवर्धकाशी (स्पंदांच्या रूपात संकेत मोठा करणाऱ्या अ‍ॅम्प्लिफायरशी) या पद्धतीची वारंवार गल्लत होते. १९६४ मध्ये बाजारात आलेला सिंक्लेअर एक्स-१० हा त्या जातीचा सुरुवातीचा विक्रीयोग्य प्रवर्धक समजला जातो. त्यातही स्पंदांची रुंदी बदलते, पण ती ध्वनिसंकेताप्रमाणे, वापरणाऱ्याच्या इच्छेप्रमाणे नव्हे. आज ब्लूटूथ स्पीकरमध्ये सर्रास आढळणारे पीएएम ८४०३ या चिपचे छोटे बोर्ड डी वर्गाचेच. त्यावर बसविलेला व्हॉल्यूम मात्र बहुधा साधा कार्बन पॉट असतो.

प्रत्यक्ष रचना दोन प्रकारच्या. पहिल्या प्रकारात स्पंद ध्वनिसंकेताला हात लावत नाहीत. ते रोधक (रेझिस्टर) आणि धारित्र (कपॅसिटर) यांच्या जोडीतून जाऊन सपाट होतात, आणि तयार झालेले स्थिर व्होल्टेज टीडीए १५२४ ए किंवा एलएम १०३६ अशा एकात्मिक मंडलाला (आयसीला) आवाज किती ठेवायचा ते सांगते. रिमोटवर चालणाऱ्या अनेक रंगीत टीव्हींत हीच रचना असे. आवाजासाठी ६ बिट, म्हणजे ६४ पायऱ्या पुरत. वाहिनी लावण्यासाठी मात्र १४ बिट लागत. प्रस्तुत नोंदकाराने सातपूरमधल्या एका दुकानात असा एक टीव्ही उघडलेला पाहिला होता. आवाज मधोमध ठेवला की ‘गुर्र’ येई आणि पूर्ण बंद केला की थांबे. कारागिराने स्पीकर तपासला नाही, प्रवर्धकही नाही. मायक्रोकंट्रोलरच्या पायापासून निघालेल्या रेषेवरचा वाटाण्याएवढा १० मायक्रोफॅरडचा धारित्र काढून नवा लावला, आणि गुरगुर गेली. जुना धारित्र आतून सुकला होता. त्यामुळे स्पंद सपाट न होता आवाजाच्या आज्ञेतच थरथर निर्माण करीत होते.

दुसऱ्या प्रकारात इलेक्ट्रॉनिक स्विच ध्वनिसंकेतच कापतो. त्यासाठी ४०६६ हे चार स्विचांचे स्वस्त एकात्मिक मंडल पुरते. स्विच निम्मा वेळ जोडलेला असेल तर संकेताची सरासरी निम्मी होते आणि पातळी ६ डेसिबलने उतरते. एक दशांश वेळ असेल तर २० डेसिबलने आणि एक शतांश असेल तर ४० डेसिबलने. कापण्याची कंप्रता (फ्रिक्वेन्सी) श्राव्य मर्यादेच्या, म्हणजे २० किलोहर्ट्झच्या, दुपटीहून बरीच वर ठेवावी लागते. नंतर गाळणी (फिल्टर) लावून कापण्याच्या खुणा काढून टाकतात.

येथे नवशिके हमखास अडखळतात. मालिकेत एकच स्विच घालून पुढे गाळणीचा धारित्र लावला, तर स्विच तुटलेला असताना धारित्राला रिकामे व्हायला वाट राहत नाही. तो मागचेच व्होल्टेज धरून ठेवतो आणि रुंदी कितीही घटविली तरी आवाज जवळजवळ तेवढाच येतो. म्हणून पहिला स्विच तुटताच गाळणीचे तोंड शून्य पातळीला जोडणारा दुसरा, उलट चालणारा स्विच हवा. ही ‘शून्य पातळी’ही नीट ठरवावी लागते. मंडल १२ व्होल्टच्या एकाच पुरवठ्यावर चालत असेल तर संकेत ६ व्होल्टभोवती वरखाली होतो; दुसरा स्विच त्या ६ व्होल्टला जोडायचा, भूमीला (ग्राउंडला) नव्हे. भूमीला जोडल्यास रुंदी बदलताना स्थिर व्होल्टेजही सरकते आणि आवाज कमी-जास्त करताना स्पीकरमध्ये ‘धप्प’ होते. शिवाय १२ व्होल्टवरचा ४०६६ पाच व्होल्टच्या आज्ञेला दाद देईलच असे नाही. मध्ये एक ट्रान्झिस्टर घालावा लागतो. जोडलेल्या स्विचलाही थोडा रोध असतो: ५ व्होल्टवर काहीशे ओहम, १५ व्होल्टवर साधारण सव्वाशे. तो संकेताबरोबर बदलतो, म्हणून पुढचा भार मोठ्या रोधाचा ठेवणे इष्ट.

खरी अडचण कानाची आहे. कान प्रमाणाने ऐकतो, बेरजेने नव्हे. ८ बिटांत २५६ पातळ्या मिळतात, परंतु २५५ वरून २५४ वर आल्याचे कोणालाही कळत नाही, तर २ वरून १ वर येताना आवाज एकदम ६ डेसिबलने पडतो. म्हणजे आवाज चढा असताना पायऱ्या वाया जातात आणि रात्री हळू ऐकताना त्याच अपुऱ्या पडतात. दुरुस्तीवाल्यांना हा अनुभव वेगळ्या रूपात ठाऊक असतो: ए छापाच्या (लॉगरिदमी चढणीच्या) पॉटच्या जागी बी छापाचा (सरळ चढणीचा) बसविला की पहिल्या पाव फेरीतच आवाज अंगावर येतो. उपाय दोन्हीकडे एकच, चढण लॉगरिदमी ठेवणे. मायक्रोकंट्रोलरमध्ये २५५, २०३, १६१, १२८ अशी दोन-दोन डेसिबलने उतरणारी सारणी साठवितात. सारणीने वरचा भाग सुधारतो. तळाच्या ३, २, १ या पायऱ्या मोठ्याच राहतात. बिट वाढवावेत तर कंप्रता घटते. १६ मेगाहर्ट्झच्या घड्याळावर ८ बिटांना ६२.५ किलोहर्ट्झ मिळतात, १० बिटांना जेमतेम १५.६, आणि ती शीळ तरुण कानांना स्वच्छ ऐकू येते. या ओढाताणीमुळेच, उत्तम दर्जाच्या उपकरणांत ही पद्धत मागे पडून रोधकांच्या शिडीची एकात्मिक मंडले किंवा डिजिटल गुणाकार पुढे आले असावेत.

नाशिकपुरते बोलायचे, तर सातपूर-अंबडच्या कारखान्यांत पीडब्ल्यूएम हा शब्द विजेच्या मोटारींचा वेग राखणाऱ्या ड्राइव्हमुळे परिचित आहे. ध्वनीच्या संदर्भात तो मुख्यतः विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांतून भेटतो. तेथे नेहमीची चूक म्हणजे आर्डुइनो उनो या मायक्रोकंट्रोलर बोर्डाची मूळची ४९० हर्ट्झची कंप्रता तशीच ठेवून संकेत कापणे. गाण्यावर मग भुंग्यासारखी गुणगुण चढते. टायमरची मांडणी बदलून ६२.५ किलोहर्ट्झ केले की ती जाते, पण जवळ मध्यमलहरींचा रेडिओ असेल तर दुसरा त्रास निघतो. ६२.५ ची नवपट ५६२.५, मुंबईच्या अस्मिता वाहिनीची कंप्रता ५५८ किलोहर्ट्झ. दोहोंतले साडेचार किलोहर्ट्झचे अंतर रेडिओत बारीक शिटी होऊन उमटते. घड्याळ किंचित बदलणे किंवा पेटीला धातूचे आवरण देणे हे त्यावरचे उपाय.

ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ध्वनिक्षेपकांवर निर्बंध आहेत, आणि निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५, रात्री ४५ डेसिबल आहे. गोदाघाटासारख्या दाट वस्तीच्या, दगडी घाटांवरून आवाज परतणाऱ्या जागी घड्याळाशी जोडलेले असे नियंत्रण उपयोगी पडेल: संध्याकाळ उतरत जाईल तशी रुंदीची कमाल मर्यादा आपोआप खाली येईल आणि दहा वाजता शून्य होईल. मात्र मायक्रोकंट्रोलरला कळते ती फक्त स्पंदाची रुंदी. त्या रुंदीला समोरच्या माडीवरच्या खिडकीत किती डेसिबल भरतात, हे तेथे ध्वनिमापक घेऊन उभे राहूनच ठरवावे लागते, आणि कर्णा हलविला की पुन्हा मोजावे लागते.