पवित्रता मठातून घरात कशी आली, थोडी पार्श्वभूमी

ईस्टरआधीचा उपवासकाळ आला किंवा कन्व्हेन्शनचे, म्हणजे मोठ्या प्रवचनसभांचे, बॅनर लागले की "पवित्र जीवन जगा" हे आपल्या ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये हमखास ऐकायला मिळतं. ऐकणाऱ्याच्या डोक्यात मग बहुतेक वेळा दारू-तंबाखू-सिनेमा अशी काय काय सोडायचं त्याची यादी येते, नाहीतर एकदम काचेच्या खिडकीतला संत. सोमवारी सकाळी दुकान उघडताना, डबे भरताना, ऑफिसात बॉसचं ऐकून घेताना पवित्र राहायचं म्हणजे नक्की काय, हे तिथं कुणी फारसं सांगत नाही. चर्चने मात्र या प्रश्नावर शतकानुशतकं डोकं घातलंय, आणि उत्तर प्रत्येक काळात जरा वेगळं आलंय.

सुरुवात बायबलमधल्या लेवीय 19 पासून करू. मी पवित्र आहे म्हणून तुम्हीही पवित्र व्हा असं देव तिथं सांगतो आणि पुढे लगेच काय येतं बघा, शेत कापताना कडेचं पीक गरिबासाठी सोडा, मजुराची मजुरी रात्रभर स्वतःकडे ठेवू नका, बहिऱ्याला शिव्याशाप देऊ नका, आणि अध्याय संपता संपता तराजू आणि वजनं खरी ठेवा. धूप-दीप कमी आणि धंदा-शेती जास्त. प्रेषित पौलानेही करिंथ शहरातल्या सगळ्या मंडळीला सरसकट पवित्र जन म्हटलं, आणि ही मंडळी कशी, तर एकमेकांना कोर्टात खेचणारी, प्रभुभोजनाला दुसऱ्यासाठी न थांबता आधीच जेवून मोकळी होणारी!

नंतर हळूहळू दोन इयत्ता पडल्या. 313 नंतर रोमन साम्राज्यात ख्रिस्ती असणं सुरक्षित झालं, पुढे फायद्याचंही झालं, चर्चमध्ये गर्दी वाढली आणि ज्यांना मनापासून काही करायचं होतं ते वाळवंटाकडे निघाले, अँथनी नावाचा संन्यासी तर त्याच्याही आधीच इजिप्तच्या वाळवंटात जाऊन बसला होता. त्यातून मठ उभे राहिले. मठवासी म्हणजे पवित्र आणि बायकापोरांचे लोक म्हणजे कसंबसं तारण मिळवणारे, असा समज पक्का होत गेला. मठांना उगाच नावं ठेवू नयेत पण, कारण सहाव्या शतकातल्या बेनेडिक्टच्या नियमावलीत मठातली भांडी आणि अवजारं वेदीवरच्या पात्रांसारखी जपा असं सांगितलंय, म्हणजे कोठारातली कळशीसुद्धा उपासनेत मोजली होती. हे फक्त भिंतीबाहेर पोचत नव्हतं.

सोळाव्या शतकातला जर्मन धर्मसुधारक ल्यूथर स्वतः मठातला, आणि त्यानेच ही भिंत पाडली. मोची, मोलकरीण, आई यांचं काम देवासमोर संन्याशाच्या व्रतापेक्षा कमी नाही हे तो ठासून सांगायचा. 1522 मध्ये लग्नावर लिहिताना त्याने लिहिलं की बाप विश्वासाने पोराची लंगोटं धुतो तेव्हा लोक हसतील पण देव आणि देवदूत खूश होतात, आणि तेव्हा त्याचं स्वतःचं लग्नही झालेलं नव्हतं, ते झालं 1525 मध्ये. कॅथलिक बाजूने फ्रान्सिस द सेल्सने 1609 मध्ये संसारी लोकांसाठीच भक्तीचं पुस्तक काढलं. जर्मनीत स्पेनर नावाच्या पाळकाने घरात जमून बायबल वाचायचे गट सुरू केले, त्याच पायटिस्ट, म्हणजे मनापासूनच्या भक्तीवर भर देणाऱ्या, पठडीतला झीगेनबाल्ग हा मिशनरी 1706 मध्ये तामिळ किनाऱ्यावर त्रांकेबारला उतरला.

आता जॉन वेस्ली, इंग्लंडमध्ये मेथडिस्ट चळवळ सुरू करणारा. लोक 24 मे 1738 ची गोष्ट सांगतात, लंडनच्या आल्डर्सगेट स्ट्रीटवरच्या सभेत त्याचं हृदय ऊबदार झालं ती. मला त्यापेक्षा 1742 मधलं ब्रिस्टल महत्त्वाचं वाटतं. तिथल्या मेथडिस्ट सभागृहाचं कर्ज फेडायचं होतं, म्हणून बैठक बसली आणि फॉय नावाच्या एका कॅप्टनने सुचवलं की प्रत्येकाने आठवड्याला एक पेनी द्यावी. दुसरा म्हणाला, अहो बरेच जण तेवढंही देऊ शकत नाहीत. तर हा म्हणाला, सगळ्यात गरीब अकरा जण माझ्याकडे द्या, त्यांना जमलं नाही तर त्यांचीही मी भरतो. झालं, असे म्होरके ठरले आणि दर आठवड्याला आपापल्या अकरा जणांच्या दारात जायला लागले. गेले पैसे गोळा करायला, आणि दिसलं भलतंच, कुणी दारू पिऊन पडलाय, कुठं नवरा-बायकोचं भांडण चाललंय. हे कानावर आल्यावर वेस्लीने ओळखलं की आपण इतके दिवस जे शोधत होतो ते हेच. त्यातून क्लास मीटिंग आली, बारा-एक माणसं, आठवड्यातून एकदा, आणि प्रत्येकाला विचारायचं की बाबा तुझं आत कसं चाललंय.

1743 चे त्याचे नियम वाचले तर हसू येईल इतके व्यवहारी आहेत. कुणाचं वाईट करू नका, भलं करा, उपासना-प्रार्थना चुकवू नका, हे तीन मुख्य आणि खाली फोड करून दिलीय, जकात चुकवलेला माल घेऊ-विकू नका, खरेदी-विक्रीत घासाघीस करत बसू नका, जे फेडता येणार नाही ते कर्ज काढू नका. परत लेवीय 19 चा तराजू! माझं मत विचाराल तर वेस्लीच्या हजारो प्रवचनांपेक्षा त्या कॅप्टनच्या पेनीने जास्त काम केलं, कारण प्रवचन ऐकून माणूस घरी जातो आणि इथं प्रश्न विचारणारा घरी यायचा.

एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत याला वेगळं वळण लागलं. न्यूयॉर्कच्या फीबी पामरच्या मंगळवारच्या सभांमधून असं शिकवलं जायला लागलं की सगळं वेदीवर ठेव, म्हणजे देवाला देऊन टाक, आणि विश्वासाने पवित्रता आत्ताच घे. इंग्लंडमध्ये केझिक गावात 1875 पासून केझिक कन्व्हेन्शन भरायला लागलं, आज आपल्याकडच्या कन्व्हेन्शनमध्ये जी समर्पणाची भाषा असते तिच्यात याचा बराच अंश आहे. लोकांना याने खरंच उभारी मिळाली, नाही असं नाही, पण आठवड्याचा हिशेब मागे पडला आणि एका रात्रीचा अनुभव पुढे आला, हा तोटा मला मोठा वाटतो.

मुंबईत हे वारं आणलं विल्यम टेलरने. हा कॅलिफोर्नियात रस्त्यावर प्रवचनं करणारा मेथडिस्ट, 1871 च्या शेवटी मुंबईत आला आणि घराघरात छोटे गट जमवले, सुरुवातीला मुख्यतः इंग्रजी बोलणाऱ्यांचे. त्याला येऊन मिळाला जॉर्ज बोवेन, आणि हा माणूस जास्त लोकांना माहीत असायला हवा होता. 1848 मध्ये अमेरिकन मिशनकडून मुंबईत आला, थोड्याच काळात मिशनचा पगार घेणं बंद केलं, साध्या खोलीत राहायचा, रस्त्यावर मराठीत बोलायचा आणि वर्षानुवर्षं बॉम्बे गार्डियन हे वृत्तपत्र चालवायचा. 1888 मध्ये गेला तोपर्यंत हेच.

आणि मग पुण्याजवळचं केडगाव. पंडिता रमाबाई 1898 मध्ये केझिकला जाऊन आल्या होत्या. 1905 च्या जानेवारीत त्यांनी तिथल्या आपल्या मुक्ती मिशन या निराधार बायका-मुलींच्या आश्रमात रोजच्या प्रार्थनेसाठी मुलींना बोलावलं, 70 च्या आसपास जमल्या, मग संख्या वाढत गेली आणि जूनच्या अखेरीस संजीवन, म्हणजे पश्चात्ताप-प्रार्थनेची मोठी लाट, सुरू झालं. एक मुलगी पेटल्यासारखी दिसली म्हणून दुसरी तिच्यासाठी पाण्याची बादली घेऊन धावली, ही तिथली सगळ्यात गाजलेली आठवण. ती वारंवार सांगितली जाते, पण त्याच मुली दुष्काळातून वाचवून आणलेल्या होत्या आणि तिथंच मागावर बसत होत्या, शेती, गाई, तेलाचा घाणा सांभाळत होत्या. रमाबाईंनी मूळ हिब्रू-ग्रीकवरून केलेल्या मराठी बायबलच्या छपाईचं कामही मुक्तीतल्या बायकांनीच केलं. रमाबाई 1922 मध्ये गेल्या, ते बायबल पूर्ण छापून आलं त्यानंतर. अनुभव आणि काम अशी फाळणी तिथं नव्हती, आपण नंतर केली.

कॅथलिक चर्चने ही गोष्ट अधिकृतपणे लिहून दिली ती 1964 मध्ये. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या, म्हणजे जगभरच्या बिशपांच्या सभेच्या, चर्चविषयीच्या दस्तऐवजात पाचवं प्रकरण पूर्ण याच्यावर आहे, की पवित्र होण्याचं बोलावणं धर्मगुरू-सिस्टर्सपुरतं नसून नवरा, बायको, विधवा, मजूर सगळ्यांना आहे. 2018 मध्ये पोप फ्रान्सिसने त्यालाच धरून एक उदाहरण दिलं. एक बाई बाजारात जाते, शेजारीण भेटते, कुचाळक्या सुरू होतात आणि ही मनात ठरवते की नाही, मी कुणाबद्दल वाईट बोलणार नाही. घरी येते तर पोराला काहीतरी सांगायचंय, ही दमलेली आहे तरी बसून ऐकून घेते. मग काळजीत पडते, जपमाळ हातात घेते, आणि पुढे रस्त्यात गरीब माणूस भेटतो तर थांबून त्याच्याशी दोन शब्द बोलते.