उत्तर बरोबर, मग मार्क का कापला?
(आठवी ते दहावीच्या बॅचेसच्या पालकांसाठी)

प्रत्येक चाचणीनंतर दोन-चार पालक पेपर घेऊन येतात. उत्तर बरोबर आहे, तरी एक मार्क गेलेला. तो कुठे गेला ते एकदा लिहूनच देतो.

25 रुपयांची वही, 15 रुपयांचं पेन, असे दोन संच घेतले, एकूण किती? मूल लिहितं:

25 + 15 = 40 × 2 = 80

80 बरोबरच. पण ओळ नीट वाचा. ‘25 + 15 बरोबर 40 × 2’ असं तिथे लिहिलंय. म्हणजे 40 बरोबर 80! हाच तो समानतेचा संक्रामकता गुणधर्म: अ = ब आणि ब = क, तर अ = क. मुलं तो घडाघडा म्हणून दाखवतात आणि पुढच्याच ओळीत मोडतात.

दोष मुलांचा थोडाच आहे. कॅल्क्युलेटरवर बरोबरचं बटण दाबलं की उत्तर येतं, म्हणून ‘=’ म्हणजे ‘आता उत्तर लिही’ अशी सवय लागते. (घरी अभ्यास घेताना आपणही असंच लिहितो, हे जाता जाता.) बीजगणितात मात्र ते चिन्ह तराजूसारखं आहे, दोन्ही पारडी सारखीच हवीत. आठवीपर्यंत हे खपून जातं, नंतर असं दिसू लागतं:

3क्ष + 5 = 20 = 3क्ष = 15 = क्ष = 5

इथे 20, 15 आणि 5 एकच झाले. बोर्डात पायऱ्यांना गुण असतात, तपासणाऱ्याने अशी ओळ का सोडावी? म्हणून आमच्याकडे नियम आहे: समीकरण सोडवताना एका ओळीत एकच ‘=’, नवी ओळ ‘∴’ ने सुरू. साखळी सरसकट बंद नाही. 18 × 5 = 9 × 10 = 90 खुशाल लिहा, त्यातली प्रत्येक कडी खरी आहे.

हाच गुणधर्म दहावीत कामाला येतो. य = 2क्ष + 1 आणि य = 9 − 2क्ष दिलं, तर दोन्ही उजव्या बाजू एकाच ‘य’ एवढ्या. म्हणून 2क्ष + 1 = 9 − 2क्ष, त्यातून क्ष = 2, य = 5. भूमितीत विरुद्ध कोन समान असतात, तेही याच वाटेने सिद्ध होतं: दोन्ही कोनांची त्याच तिसऱ्या कोनाशी बेरीज 180 अंश.

सवय मोडायला साधारण महिना जातो. आमच्या बॅचेस लहान आहेत त्या यासाठीच. प्रत्येक वही ओळ न ओळ तपासतो. बाहेरच्या मुलांनीही शनिवारी संध्याकाळी जुना पेपर घेऊन यावं, चुका दाखवायचे पैसे घेत नाही.

आणि हो, एका ओळीत एकच ‘=’ लिहिल्याने वह्या लवकर संपतात, ही तक्रार मान्य. यंदा दोनशे पानीच आणा.