खोल समुद्रातली स्थाननिश्चिती: तळावरच्या जाळ्यापासून जहाजाच्या बुडापर्यंत

एप्रिल १९६३ मध्ये थ्रेशर ही अमेरिकी अणुपाणबुडी अटलांटिकमध्ये सुमारे २,५०० मीटरवर बुडाली. शोधाला गेलेली ट्रिएस्ट ही खोल पाण्यात माणसे नेणारी पाणबुडी तळ गाठत होती, पण ती नेमकी कुठे उतरली हे तिला वा वरच्या जहाजाला खात्रीने सांगता येत नव्हते. ध्वनीवर चालणाऱ्या स्थाननिश्चितीला तिथून जोर आला.

१९७४ साली अटलांटिकमधल्या अझोर्स बेटांच्या नैर्ऋत्येला अल्विन ही संशोधनाची छोटी पाणबुडी उतरली, तोवर लाँग बेसलाइन पद्धत हाताशी आली होती. काही किलोमीटरच्या अंतराने तळावर तीन-चार ट्रान्सपाँडर, म्हणजे ध्वनिसंकेत ऐकून उत्तर देणारी यंत्रे, सोडायचे. पाणबुडीच्या संकेताला प्रत्येक जण वेगळ्या वारंवारितेवर उत्तर देतो आणि लागलेल्या वेळेवरून अंतर निघते. खोली दाबमापक सांगतो, म्हणून दोन अंतरांवरही भागते. फक्त दोन ट्रान्सपाँडरांना जोडणाऱ्या रेषेच्या कुठल्या बाजूला आहोत ते ठाऊक हवे. खोल पाण्यात ध्वनी वरच्या दिशेला वळतो, त्यामुळे तळाला टेकलेल्या ट्रान्सपाँडरचे उत्तर दूरवर पोहोचत नाही. तो शे-दोनशे मीटर दोरावर तरंगत ठेवावा लागतो.

अडचण वेळेची होती. ट्रान्सपाँडर खाली जाताना प्रवाहाबरोबर सरकतो. मग जहाजाने भोवती फेऱ्या मारून त्याची खरी जागा मोजायची, यात जहाजाचे कित्येक तास जातात.

जीपीएसमुळे जहाजाची स्वतःची जागा पक्की झाली आणि अनेक मोहिमांनी तळावरचे जाळे सोडून अल्ट्रा शॉर्ट बेसलाइन स्वीकारली. हा निर्णय अजून वादाचा आहे. इथे जहाजाच्या बुडाशी एकच ट्रान्सड्यूसर, म्हणजे ध्वनी सोडणारे आणि ऐकणारे यंत्र, असतो. तो अंतर आणि दिशा दोन्ही मोजतो. दिशेत ०.१ अंशाची चूक झाली तर ६,००० मीटरवर जागा दहा मीटरने हलते. बसवताना राहिलेला तिरकेपणा, खोलीनुसार बदलणाऱ्या ध्वनिवेगाचा जुना आलेख, प्रोपेलरचा आवाज, सगळ्याची भर त्यातच पडते. जाळ्यातली चूक खोलीबरोबर वाढत नाही, ही त्याची खरी ताकद होती आणि वेळ वाचवण्याच्या हिशेबात तिला कमी लेखले गेले. शिवाय ६,००० मीटरवरून ध्वनी जाऊन यायला आठ सेकंद लागतात.

दोन मोजमापांमधली ही पोकळी पाणबुडीवरचे डॉप्लर लॉग (ध्वनीने वेग मोजणारे यंत्र) आणि जायरो (दिशा सांगणारे यंत्र) भरून काढतात. लॉगचे चार किरण तळावरून परततात आणि वेग देतात. ३०० किलोहर्ट्झचा लॉग साधारण २०० मीटरपर्यंतच तळ पकडतो. म्हणून उतरताना बराच वेळ तळाच्या संदर्भाने वेग मिळत नाही, आणि कड्यावरून पुढे गेले की पकड सुटते. दिशेत एक अंश चुकला तर किलोमीटरमागे १७ मीटर बाजूला.

पुन्हा पुन्हा जायच्या जागी निदान एक ट्रान्सपाँडर तळावर ठेवणे शहाणपणाचे आहे. मात्र त्याच्याकडे सरळ जाऊन भागत नाही. एकट्या अंतराने त्या रेषेवरचीच चूक सुधारते, आडवी तशीच राहते. चालकाने त्याच्याभोवती वळसा घ्यायला हवा.